जागतिक संगीताच्या अभ्यासकेंद्रात नेमके काय चालते?

एखाद्या विद्यापीठात जागतिक संगीताचे अभ्यासकेंद्र आहे असे ऐकले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रंगीबेरंगी पोशाखातले वादक, अनोळखी वाद्ये आणि वर्षातून एकदा होणारा महोत्सव असे चित्र उभे राहते. महोत्सव होतात आणि ते चांगलेही असतात. परंतु केंद्राच्या एकूण कामात त्यांचा वाटा लहान असतो. बरेचसे काम बंद खोल्यांत, तालमीच्या दालनांत आणि विद्यापीठापासून दूर असलेल्या वस्त्यांत चालते. जुनी ध्वनिमुद्रणे नष्ट होण्याआधी वाचवणे, वाद्ये सांभाळणे, विद्यार्थ्यांना परक्या परंपरेतले संगीत स्वतः गायला-वाजवायला शिकवणे, ज्यांचे ते संगीत आहे त्यांच्याकडून ते समजून घेणे आणि त्यांच्याकडून जे आणले ते त्यांच्यापर्यंत परत पोहोचवणे, असा हा व्याप आहे. वरवर पाहता ही पाच वेगळी खाती वाटतात, पण त्यांच्यामागची काळजी एकच आहे. प्रत्येक गाणे कुणाचे तरी असते आणि कोणत्या तरी प्रसंगाचे असते; गाणे आणि ती माणसे यांच्यातले नाते तुटले, तर कपाटात आवाज शिल्लक राहतो, पण त्यातून काही शिकता येत नाही. केंद्र हे नाते किती निष्ठेने सांभाळते, यावरच त्याची योग्यता ठरते असे माझे मत आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. १९८७ मध्ये लंडनमध्ये काही ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून, दुकानात ज्या तबकड्यांना ठरलेला कप्पा नव्हता त्यांच्यासाठी ‘वर्ल्ड म्युझिक’ असे नाव निश्चित केले. विद्यापीठांतील वापर त्याहून जुना आहे. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात रॉबर्ट ब्राउन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस हे नाव एका शिक्षणक्रमासाठी रूढ केले. ब्राउन हे मृदंगमचे अभ्यासक होते आणि इलिनॉय विद्यापीठातील जागतिक संगीत केंद्र आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांच्या कल्पनेत जगातील सर्व मानवी संगीत येत होते, त्यात युरोपचे अभिजात संगीतही वगळलेले नव्हते. या लेखातही तोच व्यापक अर्थ घेतला आहे.

तुलनेपासून सहवासापर्यंत

या अभ्यासाची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सापडतात. १८८५ मध्ये अलेक्झांडर एलिस यांनी विविध देशांच्या स्वरसप्तकांवर एक निबंध प्रसिद्ध केला आणि एका सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पून कोणत्याही दोन स्वरांमधील अंतर आकड्यांत मांडण्याची पद्धत रुजवली. या भागाला ‘सेंट’ म्हणतात आणि आजही हेच माप चालते. एलिस यांचा निष्कर्ष त्या काळाच्या मानाने धाडसी होता: स्वरसप्तक हे निसर्गाने एकदाच ठरवून दिलेले नाही, माणसांनी ती अनेक तऱ्हांनी घडवली आहेत. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९० मध्ये, जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेच्या मेन राज्यात पासामाक्वॉडी या आदिवासी समाजाची गाणी आणि कथन मेणाच्या सिलिंडरवर, म्हणजे सुरुवातीच्या ध्वनिमुद्रण यंत्राच्या मेणाच्या नळकांड्यांवर, मुद्रित केले. १८९९ मध्ये व्हिएन्ना येथे आणि १९०० मध्ये बर्लिन येथे ध्वनिसंग्रह सुरू झाले. बर्लिनचा आरंभ कार्ल श्टुम्फ यांनी केला आणि त्यासाठी निमित्त झाले ते तेथे आलेल्या सयामी, म्हणजे आजच्या थायलंडमधील, नाट्यमंडळींचे. पुढे एरिक फॉन हॉर्नबोस्टेल यांनी तो संग्रह वाढवला.

हे अभ्यासक कष्टाळू होते, पण त्यांच्यापैकी अनेकांनी ज्या समाजांच्या संगीताविषयी लिहिले ते समाज कधी पाहिलेही नव्हते. प्रवासी, मिशनरी आणि वसाहतींचे अधिकारी सिलिंडर पाठवत आणि हे विद्वान प्रयोगशाळेत बसून त्यांची मोजमापे घेत. संगीताची ‘साधे’ ते ‘प्रगत’ अशी एक शिडी असून युरोप तिच्या वरच्या पायरीवर आहे, ही समजूत त्या लेखनात अनेकदा आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे चित्र बदलले. १९५० मध्ये याप कुन्स्ट या डच अभ्यासकाने या विद्याशाखेला एथ्नोम्युझिकॉलॉजी हे नाव सुचवले, १९५५ मध्ये अमेरिकेत तिच्या अभ्यासकांची संस्था स्थापन झाली, आणि संगीत समजायचे तर ते ज्यांचे आहे त्यांच्यात राहून, शक्यतो त्यांच्याकडून शिकून समजून घ्यावे, हा विचार हळूहळू मान्य झाला. आजची विद्यापीठीय केंद्रे या दोन्ही काळांची वारस आहेत. सहवासाने शिकण्याची पद्धत त्यांना नंतरच्या पिढीकडून मिळाली, तर कपाटांतला बराचसा ठेवा आधीच्या पिढीकडून. या ठेव्याबरोबर आलेली नैतिक जबाबदारीही त्यांना टाळता येत नाही.

ध्वनिसंग्रहाची खोली

केंद्राचे काम समजून घ्यायचे असेल, तर ध्वनिसंग्रहापासून सुरुवात करणे मला सर्वांत योग्य वाटते, कारण बाहेरच्या माणसाला तो गोदामासारखा दिसतो आणि प्रत्यक्षात तेथे क्षणोक्षणी निर्णय घ्यावे लागतात.

मेणाच्या सिलिंडरवर साधारण दोन ते चार मिनिटांचेच मुद्रण मावत असे. त्यामुळे रात्रभर चालणाऱ्या विधीतले गाणे गायक आटोपशीर करून गात, कडवी गाळत, पुनरावृत्ती टाळत. मुद्रण यंत्राच्या कर्ण्यात तोंड घालून करावे लागे. ढोल जवळ वाजला तर आवाज फाटत असे, म्हणून तो दूर ठेवला जाई किंवा वाजवलाच जात नसे. आता शंभर वर्षांनी हे मुद्रण ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने ‘या समाजाची गाणी लहान असतात आणि ती तालवाद्याविना गायली जातात’ असे लिहिले, तर तो यंत्राची मर्यादा त्या समाजाच्या माथी मारत असतो. जुने मुद्रण ऐकायला शिकवणे हा केंद्रातील शिक्षणाचा भाग असतो तो यासाठी.

सिलिंडरनंतर चुंबकीय फिती आल्या आणि अशा संग्रहांतला मोठा साठा फितींचाच असतो. फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटद्रव्याने बसवलेली चुंबकीय भुकटी. १९७० आणि १९८० च्या दशकांतील काही बनावटींच्या फितींमधले चिकटद्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते. अशी फीत यंत्रावर चढवली की ती चिकटते, किरकिरते आणि तिच्यावरची भुकटी यंत्राच्या शीर्षावर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, निघून येते. त्या भुकटीबरोबर गाणेही जाते. यावरचा उपाय ऐकणाऱ्याला चकित करणारा आहे. फीत नियंत्रित उष्णतेच्या भट्टीत साधारण ५० अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवतात, त्यामुळे ओलावा निघून जातो आणि फीत काही आठवडे वाजवण्याजोगी होते. हा इलाज तात्पुरता असतो, म्हणून त्या मुदतीतच तिची डिजिटल प्रत करून घ्यावी लागते. फीत कोणत्या बनावटीची आहे हे आधी ओळखावे लागते, कारण जुन्या अॅसिटेटच्या फितीला ही उष्णता दिली तर ती कायमची बिघडते.

डिजिटल प्रत करतानाही घाई चालत नाही. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार ती २४ बिट खोलीची आणि शक्यतो ९६ किलोहर्ट्झ दराची, म्हणजे आवाजाचे मोजमाप अतिशय सूक्ष्म आणि सेकंदाला ९६ हजार वेळा घेतलेली, असावी, आणि तिच्यात कोणतीही काटछाट किंवा खरखर काढण्याची प्रक्रिया करू नये. स्टिरिओ मुद्रणाच्या एका तासाला अशी प्रत सुमारे दोन गिगाबाइट जागा घेते. श्रोत्यांसाठी साफ केलेली प्रत वेगळी करतात, मूळ प्रतीला हात लावत नाहीत. कारण आजच्या तंत्रज्ञाला जी खरखर वाटते, तीच उद्याच्या अभ्यासकाला पावसाचा किंवा नाचणाऱ्यांच्या पावलांचा आवाज म्हणून ओळखू येऊ शकते. एका तासाची फीत उतरवायला किमान एक तास लागतोच, आणि यंत्राचे शीर्ष फितीशी नीट जुळवणे, तपासणी व नोंदी धरून प्रत्यक्षात त्याच्या काही पट वेळ जातो. भरीला फीत वाजवणारी चांगली यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे कारागीर दुर्मिळ होत चालले आहेत. यामुळेच युनेस्कोने संग्रहालयांना वेळीच सावध होण्याचा जाहीर इशारा दिला होता, आणि तो मी अतिशयोक्त मानत नाही.

तरीही यंत्रापेक्षा अवघड बाब आहे ती नोंदीची. समजा, एका डब्यावर एवढेच लिहिले आहे: ‘लग्नगीते, बायका, बाजू दुसरी’. कोणत्या बायका? त्या वधूपक्षाच्या होत्या की वरपक्षाच्या? गाणे खरोखर लग्नात मुद्रित केले, की अभ्यासकाच्या विनंतीवरून दुपारी अंगणात बसून? कोणत्या विधीच्या वेळचे, कोणत्या बोलीतले? गाणाऱ्यांनी मुद्रणाला संमती दिली होती का, आणि दिली असेल तर कशासाठी? या प्रश्नांची उत्तरे फितीत नसतात. ती अभ्यासकाच्या वहीत, पत्रांत, छायाचित्रांच्या मागच्या बाजूला असतात. म्हणून चांगले केंद्र फितीबरोबर वह्याही मागून घेते आणि दाता हयात असेल तर त्याच्यासमोर बसून एकेक मुद्रण ऐकत माहिती टिपून ठेवते. माहितीशिवाय आलेल्या हजार फितींपेक्षा पूर्ण नोंदी असलेल्या पन्नास फिती मी अधिक मोलाच्या मानेन.

वाद्ये वाजवावीत की जपावीत?

ध्वनींसोबत वाद्यांचाही संग्रह बहुतेक केंद्रांत असतो. त्यांची मांडणी जगभर ज्या पद्धतीने होते ती हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी १९१४ मध्ये प्रसिद्ध केली. वाद्यात मूळ कंपन कशाचे होते, वाद्याच्या घन शरीराचे, ताणलेल्या चामड्याचे, तारेचे की हवेचे, यावरून ही चार गटांची विभागणी आहे. विजेवर चालणाऱ्या वाद्यांचा पाचवा गट नंतर जोडला गेला. नाट्यशास्त्रातील तत (तारेची), सुषिर (हवेची), अवनद्ध (चामड्याची) आणि घन हे वाद्यांचे चार प्रकार माहीत असलेल्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल, आणि ते योगायोगाने आलेले नाही. शौरींद्रमोहन टागोर यांनी १८७६ मध्ये बेल्जियमच्या राजाला भारतीय वाद्यांचा मोठा संच भेट दिला, तो ब्रसेल्सच्या संग्रहालयात पोहोचला, तेथील संग्रहपाल व्हिक्टर माहियों यांनी भारतीय वर्गीकरणाच्या धर्तीवर आपली सूची रचली, आणि त्या सूचीच्या पायावर पुढे १९१४ ची पद्धत उभी राहिली.

वर्गीकरण झाले तरी वाद्याचे करायचे काय, हा प्रश्न उरतोच. लाकूड कोरड्या हवेत तडकते, दमट हवेत फुगते. म्हणून खोलीतील आर्द्रता साधारण ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवावी लागते. चामडे ताणलेले ठेवले तर फाटण्याची भीती, सैल सोडले तर आकसण्याची. वाजवलेले वाद्य झिजते, पण न वाजवलेल्या वाद्यातून त्याच्या घडणीची कारणे कळत नाहीत. बरीच केंद्रे म्हणून दोन संच ठेवतात: जुनी वाद्ये अभ्यासासाठी, नवी घडवून घेतलेली वाद्ये हाताळण्यासाठी. आणखी एक धोका फारसा बोलला जात नाही. पूर्वी कीड लागू नये म्हणून संग्रहांतील वस्तूंवर आर्सेनिकसारखी विषे फवारली जात. असे फुंकवाद्य तपासणीविना कुणाच्या ओठांना लावू देणे किंवा मूळ समाजाला तसेच परत करणे घातक ठरू शकते.

शिकणे हातांनी

अॅमस्टरडॅमला कुन्स्ट यांच्याकडे शिकलेले मँटल हूड यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात १९५० च्या दशकात जावाच्या गामेलान वाद्यवृंदाचे प्रत्यक्ष शिक्षण सुरू केले, आणि १९६० मध्ये त्यांनी आपली भूमिका लेखातून मांडली. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाप्रमाणे संगीताच्या अभ्यासकालाही दोन संगीतांत वावरता आले पाहिजे, केवळ ऐकून वर्णन करणे पुरेसे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आज अनेक विद्यापीठांत गामेलान दिसते त्यामागे हा विचार आहे.

गामेलानच्या पहिल्या तासाला काय घडते ते जवळून पाहण्यासारखे आहे. विद्यार्थी पादत्राणे बाहेर काढतात आणि त्यांना सांगितले जाते की कोणत्याही वाद्यावरून ओलांडून जायचे नाही, वळसा घालून जायचे. नवख्याला बहुधा सारोनसमोर बसवतात. चौकटीवर मांडलेल्या धातूच्या पट्ट्यांचे हे वाद्य उजव्या हातातील लहान हातोडीने वाजवतात. पट्टी वाजवणे सोपे, अवघड असते ते तिला थांबवणे. उजवा हात पुढच्या पट्टीवर आघात करतो त्याच क्षणी डाव्या हाताच्या चिमटीने मागची पट्टी दाबून तिचा नाद बंद करायचा असतो. उशीर झाला तर दोन स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात, घाई झाली तर सुरावट तुटते. हे जमू लागते न लागते तोच तालाचा प्रश्न उभा राहतो. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन ठेपण्याची सवय असलेल्या कानाला येथे उलटे वाटते, कारण जावाच्या गामेलानमध्ये चार मात्रांच्या गटाचे वजन चौथ्या मात्रेवर असते आणि मोठी घंटा आवर्तनाच्या शेवटावर पडते. हे पुस्तकात एका ओळीत वाचता येते, पण अंगात मुरायला बरेच दिवस लागतात, आणि एकदा मुरले की ‘ताल’ या कल्पनेकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

प्रत्येक गामेलान संचाचे स्वर स्वतःचे असतात. पाच स्वरांची स्लेंद्रो आणि सात स्वरांची पेलोग ही दोन स्वररचना सर्वत्र असल्या तरी त्यांतील अंतरे संचागणिक थोडी निराळी लावलेली असतात. त्यामुळे एका संचातील सारोन दुसऱ्या संचात नेऊन बसवता येत नाही. येथे ‘बेसूर’ हा शब्द किती जपून वापरावा हे विद्यार्थ्याला कुणी न सांगता कळते.

या शिक्षणाची एक दुखरी बाजू आहे आणि ती लपवणे योग्य नाही. शिकवणारे बहुधा परंपरेतून घडलेले कलावंत असतात. वेस्लियनने १९६० च्या दशकातच टी. रंगनाथन यांच्यासारख्या मृदंगविद्वानाला बोलावून एक चांगला पायंडा पाडला. तरीही अनेक ठिकाणी अशा गुरूंकडे पीएच.डी. नसल्यामुळे त्यांना पाहुणे शिक्षक म्हणून वर्षावर्षाच्या करारावर ठेवले जाते आणि त्यांच्याकडून शिकून प्रबंध लिहिणारा मात्र कायम प्राध्यापक होतो. ज्ञान ज्याच्याकडून घेतले त्याला त्या ज्ञानाचा अधिकारी न मानणे ही विसंगती आहे. अभ्यासकेंद्र चालवणाऱ्यांनी विद्यापीठाच्या नियमांशी भांडून ती दूर केली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

चार कान, चार स्वरलिपी

संशोधनाचा गाभा असतो क्षेत्रकार्य, म्हणजे महिनोन्‌महिने एखाद्या समाजात राहून, बहुधा तेथील भाषा शिकून केलेला अभ्यास. हल्ली हे क्षेत्र दूरचे खेडेच असते असे नाही. शहरातील स्थलांतरितांची वस्ती, निर्वासितांची छावणी, लग्नात वाजवणारे बँडवाले किंवा मोबाइलवर गाणी बनवणारी मुले हेही तितकेच अभ्यासाचे विषय आहेत. व्हिएन्नाच्या संगीत विद्यापीठात उर्सुला हेमेटेक यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये सुरू झालेले संशोधन केंद्र तर केवळ अल्पसंख्याक समाजांच्या संगीताला वाहिलेले आहे.

मुद्रण केल्यावर ते कागदावर उतरवावे लागते, आणि येथे कोणाच्याही लक्षात सहज न येणारी अडचण असते. १९६४ मध्ये अमेरिकेतील एथ्नोम्युझिकॉलॉजी संस्थेच्या नियतकालिकाने एक बोधप्रद प्रयोग छापला. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील हुक्वे समाजातील, धनुष्यवाद्याच्या साथीने गायलेले एकच मुद्रित गाणे रॉबर्ट गार्फियास, मिएचिस्वाव कोलिन्स्की, जॉर्ज लिस्ट आणि विलार्ड ऱ्होड्स या चार मुरलेल्या अभ्यासकांनी स्वतंत्रपणे लिपिबद्ध केले होते. चारही नामवंत, मुद्रण एकच, पण हाती आलेल्या स्वरलिपी एकमेकींशी जुळत नव्हत्या. यातून कुणाचे अज्ञान उघडे पडले नाही. ऐकणारा प्रत्येक जण काय महत्त्वाचे मानायचे हे आधीच ठरवून ऐकतो, एवढे मात्र निर्विवाद सिद्ध झाले. संगणक आता ध्वनीचा आलेख काढून देतो आणि कंपनसंख्या अचूक सांगतो. तरी दोन कंपनांतील फरक गायिकेच्या दृष्टीने दोन वेगळे स्वर आहेत की एकाच स्वराचा स्वाभाविक हेलकावा, हे आलेख सांगू शकत नाही. त्यासाठी गायिकेलाच विचारावे लागते, आणि विचारण्याइतका परस्परविश्वास मिळवायला वेळ द्यावा लागतो.

गाणे कुणाचे?

सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर १९७० च्या सुमारास ह्यूगो झेंप या अभ्यासकाने अफुनाक्वा नावाच्या स्त्रीने गायलेली एक अंगाई मुद्रित केली. आईबाप गमावलेल्या लहान भावंडाला थोरले भावंड समजावते आहे, असा त्या गीताचा आशय आहे. ते मुद्रण युनेस्कोच्या ध्वनिमुद्रिका-मालिकेत प्रसिद्ध झाले. १९९२ मध्ये एका फ्रेंच जोडगोळीने तो आवाज आपल्या नृत्यसंगीतात मिसळला, त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि तो जाहिरातींतही वाजला. आफ्रिकेतील वनवासी समाजांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत पॅसिफिकमधील बेटावरची ही गायिका अनामिक राहिली. झेंप यांनी या प्रकाराविरुद्ध जाहीरपणे लिहिले, आणि अभ्यासकांमध्ये या प्रकरणाची चर्चा आजही होते.

कायद्याची घडण अशी आहे की मुद्रणावर मुद्रण करणाऱ्याचा किंवा ते प्रसिद्ध करणाऱ्याचा हक्क सहज मान्य होतो, पण परंपरेने आलेले गाणे ‘कुणाचेच नाही’ असे धरले जाते. ज्या समाजाने ते पिढ्यान्‌पिढ्या जपले त्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय पैशाच्या पलीकडचाही प्रश्न आहे. काही गाणी ठरावीक ऋतूतच गायची असतात, काही केवळ स्त्रियांनी किंवा केवळ दीक्षा घेतलेल्यांनी ऐकायची असतात. असे मुद्रण इंटरनेटवर सर्वांसाठी खुले करणे म्हणजे ज्ञानाचा प्रसार, असे म्हणणे उदात्त वाटते, पण ज्यांचे ते आहे त्यांच्या दृष्टीने तो सरळ विश्वासघात असतो. म्हणून जबाबदार केंद्रे प्रत्येक मुद्रणाला वेगळी अट जोडतात: काही सर्वांना खुली, काही परवानगीने, काही फक्त त्या समाजातील व्यक्तींना. सिडनी, मेलबर्न आणि ऑस्ट्रेलियन नॅशनल या विद्यापीठांनी २००३ मध्ये मिळून उभ्या केलेल्या ‘पॅराडिसेक’ या डिजिटल संग्रहात पॅसिफिक आणि आसपासच्या प्रदेशांतील भाषा व संगीताची मुद्रणे अशाच अटींसह ठेवली जातात.

परत देण्याच्या कामाची सुरुवात मोठ्या प्रमाणावर झाली ती अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. १९७९ मध्ये तेथे जुन्या सिलिंडरांच्या प्रती करून त्या आदिवासी समाजांना देण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. अॅलिस फ्लेचर आणि स्वतः ओमाहा समाजातले असलेले फ्रान्सिस ला फ्लेश यांनी १८९० च्या दशकात मुद्रित केलेली ओमाहा गाणी १९८३ मध्ये त्या समाजाच्या वार्षिक मेळाव्यात त्यांच्या वंशजांना परत ऐकायला मिळाली. दक्षिण आफ्रिकेतील ऱ्होड्स विद्यापीठाच्या ‘इंटरनॅशनल लायब्ररी ऑफ आफ्रिकन म्युझिक’ या केंद्राने हेच काम पुढे नेले. ह्यू ट्रेसी यांनी १९५४ मध्ये ही संस्था उभी केली, आफ्रिकेच्या अनेक देशांत हिंडून त्यांनी केलेल्या मुद्रणांतून एकट्या ‘साउंड ऑफ आफ्रिका’ या मालिकेच्या २१० तबकड्या निघाल्या, आणि १९७८ पासून संस्था ऱ्होड्स विद्यापीठात आहे. अलीकडच्या काळात त्या केंद्राने ही मुद्रणे पूर्व आफ्रिकेत नेऊन मूळ गावांतील लोकांच्या हाती दिली.

भारतातील एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. डच अभ्यासक आर्नोल्ड बाके यांनी १९३८-३९ मध्ये दक्षिण भारतात फिरून ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण केले होते. १९८४ मध्ये त्यांचे शिष्य नझीर जयराझभॉय आणि त्यांच्या सहकारी एमी कॅटलिन त्याच ठिकाणी पुन्हा गेले, जुनी मुद्रणे तेथील लोकांना ऐकवली आणि दरम्यान काय टिकले, काय बदलले याची नोंद घेतली. या कामाशी जोडलेले ‘आर्काइव्ह्‌ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ १९८२ मध्ये स्थापन झाले, तेच मुळी परदेशी अभ्यासकांनी भारतातून नेलेल्या मुद्रणांच्या प्रती भारतात उपलब्ध व्हाव्यात या हेतूने. परत नेण्याचे काम आणि संशोधन ही दोन कामे वेगळी नाहीत हे या अभ्यासातून फार चांगले दिसते. वंशज जेव्हा मुद्रण ऐकतात तेव्हा ते गायकाला नावाने ओळखतात, चुकलेले गावाचे नाव दुरुस्त करतात, गाण्यातला आता कुणाला न कळणारा संदर्भ उलगडतात; डब्यावरच्या ‘बायका, बाजू दुसरी’ या नोंदीतल्या बायकांना असेच नाव मिळते.

अर्थात, नुसती हार्ड डिस्क पोस्टाने पाठवून हे काम होत नाही. ती वाजवायला तेथे साधन हवे, मुद्रणे कुणाच्या ताब्यात असावीत यावर गावात एकमत व्हावे लागते, मृत नातलगाचा आवाज अचानक ऐकून एखाद्याला क्लेश होऊ शकतो याचे भान ठेवावे लागते, आणि लोकांनी सांगितलेल्या दुरुस्त्या परतल्यावर मूळ नोंदींत कुणीतरी भरायच्या असतात. संशोधनाचे अनुदान बहुधा दोन-तीन वर्षांचे असते. त्यातून संशोधक नेमला जातो, मुद्रणे जमतात, प्रबंध होतो, आणि अनुदान संपले की त्या गावाशी पत्रव्यवहार ठेवणारे कुणी उरत नाही. ज्या केंद्रांनी हे साधले आहे तेथे किमान एक कायमस्वरूपी संग्रहपाल आहे आणि गावाकडून दुरुस्ती किंवा प्रत मागणारे पत्र आले तर त्याला कोण उत्तर देणार हे ठरलेले आहे. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात महोत्सवासाठी जितक्या सहज रक्कम धरली जाते, तितक्याच सहज या एका पगाराची तरतूद होईल अशी व्यवस्था आज फार थोड्या ठिकाणी आहे.